माझ्या छातीत दुखलंच नाही

"अटैक कब आया था?"

मला डाव्या कुशीवर झोपवलं होतं. छातीवर गार जेल, अंगात मागून बांधायचा निळा गाऊन. डॉक्टरांचं तोंड मशीनच्या पडद्याकडे होतं, त्यामुळे ते मलाच विचारतायत हे कळायला जरा वेळ लागला. मी म्हणाले, "मुझे अटैक नहीं आया कभी. साँस फूलती है, इसलिए आई हूँ."

त्यांनी छातीवरचा प्रोब थोडा खाली सरकवला, पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्या यजमानांना विचारलं, "सर, इनको अटैक कब आया था?"

छाती माझी, हृदय माझं, उत्तर मी दिलेलं. तरी प्रश्न यांना. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीतीच्या आधी राग आला.

"आला नाही हो कधी," हे म्हणाले. घाबरले की यांची हिंदी पार जाते.

"आया है," डॉक्टर म्हणाले. "पुराना है. सामने की दीवार हिल ही नहीं रही."

माझ्या आजाराचं निदान असं झालं. रिपोर्टवर नाव आलं इस्केमिक कार्डिओमायोपॅथी. इस्केमिया म्हणजे रक्तपुरवठा कमी पडणं. कार्डिओ म्हणजे हृदय, मायो म्हणजे स्नायू, पॅथी म्हणजे आजार. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडून तो दुबळा होणं. त्याच्याखाली आणखी एक आकडा होता, इजेक्शन फ्रॅक्शन एकोणतीस टक्के. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं एका ठोक्याला किती बाहेर ढकललं जातं, तो हा आकडा. चांगल्या हृदयाचाही शंभर नसतो, पंचावन्न-साठच्या घरात असतो. माझा त्याच्या निम्मा.

हे सगळं डॉक्टरांनी मला सांगितलं नाही. मी रिपोर्ट हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसले आणि शब्द फोडत बसले. मी विज्ञानाची शिकवणी घेते, नववी-दहावीची. हृदयाची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढलीय की डोळे मिटून काढेन. म्हणून मला शब्दांची फोड तरी करता आली. माझ्या शेजारी एक बाई तसाच कागद धरून बसल्या होत्या, त्यांनी तो उलटा धरला होता.

आम्ही मूळचे सांगलीचे. यांची बँकेची नोकरी, त्यामुळे बदल्या होत होत सहा वर्षांपूर्वी जयपूरला आलो आणि प्रताप नगरमध्ये हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहिलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी ईश्वरी इथेच एका दागिन्यांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. मला साखरेचा त्रास बरीच वर्षं आहे. गोळ्या नियमित, पथ्य बऱ्यापैकी. बाकी दुखणं म्हणून माहीत नव्हतं.

दम लागायला सुरुवात झाली फेब्रुवारीच्या सुमारास. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं. कुणी भेटलं तर मी फोन काढून काहीतरी बघतेय असं दाखवायची. मग एका उशीचं काम दोन उशांवर गेलं, कारण आडवं झालं की गुदमरल्यासारखं व्हायचं. मग संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुतायला लागले.

आमच्या वसाहतीतले डॉक्टर मला गेली सहा वर्षं ओळखत होते. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "जयपुर की धूल है, मैडम. आप लोगों को सूट नहीं करती." तोंडातून ओढायचा पंप दिला. पंपाने फरक पडेना म्हणून पुन्हा गेले, तर म्हणाले वजन कमी करा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वयाचा विषय निघाला, पाळी गेल्यावर असं होतं म्हणाले. चौथ्यांदा हे सोबत होते. डॉक्टरांनी यांनाच विचारलं, "घर में कोई टेंशन?" हे विचार करून म्हणाले, "नाही, तसं काही नाही." मी तिथेच बसले होते. घरातलं टेंशन मला विचारायला हवं होतं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ईशू कामावरून आली तेव्हा मी जिन्यात पायरीवर बसले होते. दळणाचा डबा बाजूला. ती म्हणाली, "आई, तू इथे का बसलीयेस? मतलब, ये नॉर्मल नहीं है." ती वैतागली की तिचं मराठी असं अर्ध्यावर वळतं. मी म्हणाले धूळ आहे. तिने माझे पाय बघितले, बोटाने नडगीवर दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिने मला वर नेलंच नाही. डबा शेजारच्यांकडे ठेवला, यांना फोन केला आणि तिथूनच गाडी बोलावली.

म्हणून तो एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला, आणि म्हणून तो प्रश्न.

मला त्याच दिवशी भरती करून घेतलं. शिरेतून औषध देऊन अंगातलं पाणी काढलं. तीन-चार दिवसांत पायाची सूज उतरली, एका उशीवर झोप लागली. फुप्फुसांत पाणी साचत होतं, म्हणून दम लागत होता, हे मला एका नर्सने सांगितलं. केरळची होती, तिची हिंदी माझ्यापेक्षा वाईट. पण ती माझ्याकडे बघून बोलायची. हातांनी दाखवायची, हृदयाचा पंप असा दमला की पाणी असं मागे साठतं. त्या आठवड्यात माझा आजार मला समजावून सांगणारी ती एकटी.

मग अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये रंग सोडतात आणि कुठे अडथळा आहे ते बघतात. दुखत नाही फारसं. दुखलं ते नंतर. मला खोलीत आणून झोपवलं आणि डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावलं. दाराच्या काचेतून मला दिसत होतं, डॉक्टर हाताने काहीतरी दाखवतायत आणि हे मान हलवतायत. हे आत आले तेव्हा चेहरा पडलेला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. औषधांनी होईल म्हणाले."

"अहो, एवढा वेळ फक्त एवढंच?"

"तू आता आराम कर."

मी बेल वाजवली. नर्सला सांगितलं, डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर आले ते संध्याकाळी. मी म्हणाले, "सर, आपने इनको जो बताया, वो मुझे बताइए."

"आप टेंशन मत लीजिए, मैडम. हमने भाईसाहब को सब समझा दिया है."

"भाईसाहब को समझाया, पर दिल मेरा है. और मैं साइंस पढ़ाती हूँ."

ते खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. त्यांनी कागदावर हृदय काढलं, माझ्या फळ्यावरच्या आकृतीपेक्षा पुष्कळ वाईट, आणि त्यावर तीन रेघा. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या या रक्तवाहिन्यांमधून. माझी पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. बाकीच्या दोन अरुंद, पण वाहत्या. बंद झाली तो दिवस म्हणजे अटॅकचा दिवस. साखरेच्या रुग्णांमध्ये वेदना वाहून नेणाऱ्या नसा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे कधीकधी छातीत दुखतच नाही. याला सायलेंट अटॅक म्हणतात. गाजावाजा न होता आलेला झटका.

मी विचारलं, "बंद है तो खोल दीजिए."

तिथून पुढचे दोन आठवडे सगळ्यात वाईट गेले. कारण तेही ठरत नव्हतं. रक्तवाहिनी उघडून उपयोग कधी, तर तिच्या पलीकडचा स्नायू जिवंत असेल तर. काही स्नायू रक्त कमी पडल्यावर मरत नाही, काम थांबवून पडून राहतो. रक्त परत मिळालं तर तो उठतो. ज्याचा व्रण झालाय, तो उठत नाही. हे शोधायला व्हायबिलिटी स्कॅन करतात, म्हणजे किती स्नायू जिवंत आहे त्याची तपासणी. ती मशीन त्या हॉस्पिटलमध्ये नव्हती. दुसरीकडे गेलो तर मशीन बंद. पुढच्या तारखेला उपाशीपोटी बोलावलं, आणि माझी साखर जास्त निघाली म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा झालं.

एका सर्जनने मधल्या काळात सांगितलं होतं, बायपास करून टाकू. आमचे डॉक्टर म्हणत होते, थांबा. सर्जनना विचारलं की ते थांबा का म्हणतात, तर म्हणाले त्यांना विचारा. आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले रिपोर्ट येऊ दे. रिपोर्टच्या दिवशी आम्ही सकाळपासून बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. बाई मिठाचे चमचे घालत होती आणि माझ्यासारखे सगळे बिनमिठाचे लोक बघत होते.

"उस हिस्से में जान नहीं बची," डॉक्टर म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून. "नाड़ी खोलने से फायदा नहीं होगा. ऑपरेशन का रिस्क लेंगे और मिलेगा कुछ नहीं. दवाइयों से बाकी दिल को सँभालेंगे."

मी विचारलं, "मैं फरवरी में आती, तो बचती जान उसमें?"

"कहना मुश्किल है."

हे तीन शब्द मी त्या काळात इतक्यांदा ऐकले की कुणी साधी वेळ विचारली तरी मला ते आठवायचे.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे वसाहतीतल्या डॉक्टरांकडे गेले. हे नको म्हणत होते. मी एकटी गेले, रांगेत बसले, नंबर आल्यावर आत जाऊन रिपोर्ट टेबलावर ठेवला.

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मैडम, आपने सीने में दर्द बताया ही नहीं."

"हुआ ही नहीं, तो बताती क्या?"

"तो मैं क्या समझता?"

"मुझे शुगर है, ये आपको मालूम था. चार बार आई थी मैं."

बाहेर पेशंट खोकत होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ईसीजी करवा लेनी चाहिए थी."

मला हेच वाक्य हवं होतं. त्यासाठीच मी गेले होते. ते मिळालं, मी रिपोर्ट उचलला, दवाखान्याची पायरी उतरले, आणि माझा श्वास होता तसाच अडकला. चूक कबूल करून घेतल्याने स्नायूला रक्त मिळत नाही. तरी गेले ते बरं केलं असं मला अजूनही वाटतं. ते आता साखरेच्या माणसाला दम लागला की ईसीजी काढायला पाठवतात असं शेजारच्या शर्मा भाभी सांगतात.

तुमच्यापैकी कुणाला हे दुखणं झालं तर पुढचं वाचून ठेवा, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. औषधं सुरू झाली की माणूस आधी बरा होत नाही, आणखी दमतो. हृदयाचे ठोके आवरणारी एक गोळी असते, ती अगदी थोड्या मात्रेने चालू करतात आणि हळूहळू वाढवतात. प्रत्येक वेळी वाढवली की आठ-दहा दिवस मी पोतं झाल्यासारखी पडून असायची. रक्तदाबाची एक गोळी होती, तिने कोरडा खोकला लागला. मला वाटलं आता पुन्हा धूळच म्हणणार. पण डॉक्टरांनी ती बदलली. साखरेची एक नवी गोळी दिली, ती हृदयालाही मदत करते म्हणाले. लघवी होण्याची गोळी सकाळी घ्यायची, म्हणजे सकाळी कुठे जायचं नाव काढायचं नाही.

आणि पाणी. दिवसाला दीड लिटर, चहा-ताक-आमटी धरून. जयपूरचा मे महिना, खिडकीची काच हाताला चटका देते, कूलरमधून येणारी हवासुद्धा गरम, आणि मी माझी बाटली पुरवून पुरवून पितेय. यांच्यासाठी फ्रीजमध्ये गार पाण्याच्या बाटल्यांची रांग. मी एकदा चिडून यांना म्हणाले, तुम्ही बाहेर जाऊन पीत चला. दुसऱ्या दिवशी हे खरंच गॅलरीत जाऊन उन्हात उभे राहून पाणी प्याले. मला बघवेना. आत बोलावलं.

रोज सकाळी वजन करायचं. एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, साठलेलं पाणी असतं. लगेच डॉक्टरांना फोन. ही एक गोष्ट कराच. मला जूनमध्ये यानेच पुन्हा भरती होण्यापासून वाचवलं.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. मला तो दिवस सापडत नव्हता.

माझ्या हृदयाचा मोठा तुकडा एके दिवशी मेला आणि त्या दिवशी मी काय करत होते, मला माहीत नाही. पोळ्या लाटत होते का? वहीवर लाल शेरे मारत होते का? डॉक्टर म्हणाले, इलाजात काही फरक पडत नाही. मला पडत होता. माझ्या डोक्यात एकच दिवस होता. संक्रांतीचा. जयपूरची संक्रांत म्हणजे सगळं शहर गच्चीवर, आभाळ पतंगांनी भरलेलं, चहूकडून "वो काटा" च्या आरोळ्या. मी तिळगुळाचा डबा घेऊन गच्चीवर गेले होते. तिथे जबडा दुखायला लागला, दाढ ठणकावी तसा, आणि डावा खांदा. घाम आला. साखर कमी झाली असेल म्हणून मी खाली आले, साखरपाणी घेतलं आणि झोपून राहिले. आठवड्याने दाताच्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी दात साफ करून दिले.

हे मात्र ऐकायला तयार नव्हते. यांचं म्हणणं, त्याच्या आधीच्या दिवाळीला सांगलीहून परतताना गाडीत. मला उलट्या झाल्या होत्या, घाम फुटला होता, आम्ही स्टेशनवरच्या वड्यावर ढकललं होतं.

"तो वडाच होता," मी म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी ठणठणीत होते. जिने चढत होते."

"वड्याने एवढा घाम येत नाही."

"जबडा गाडीत दुखला नव्हता. संक्रांतीला दुखला."

"दात होता तो. डॉक्टरने साफ केला."

असं महिनाभर चाललं. जेवताना, टीव्ही बघताना. ईशू एकदा ताटावरून उठली. म्हणाली, "तुम्ही दोघं मेरे सामने ये डिस्कशन मत करो, प्लीज." पण थांबवत नव्हतं. मला तो दिवस माझ्या हातात हवा होता. आणि हे तो माझ्या हातातून काढून घेतायत असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना मी सरळच विचारलं, "तुम्हाला गाडीतलाच दिवस का हवाय? काय मिळतंय त्यात?"

हे रस्त्याकडे बघत राहिले. खाली कोचिंगची पोरं सायकली काढत होती.

"गाडीत मी तुझ्याजवळ होतो," हे म्हणाले. "पाठ चोळत होतो. खालचा बर्थ मागून घेतला तुझ्यासाठी. संक्रांतीला मी वर पतंग उडवत होतो, सुनंदा. तू खाली गेलीस ते मी बघितलं. तरी तासभर उडवत होतो."

एवढे दिवस मी तारखेवर भांडत होते, आणि हे दुसऱ्याच गोष्टीवर.

"तुम्ही खाली आला असतात तरी मी तुम्हाला साखरपाणीच करायला लावलं असतं," मी म्हणाले. "दवाखान्यात आले नसते. तुम्ही ओढून नेलं असतंत तरी मी साखर कमी झालीय असंच सांगितलं असतं."

यांनी हात माझ्या खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

त्या दिवसानंतर तारखेचा विषय निघाला नाही. पण एक नवीनच सुरू झालं. हे माझ्याशी भांडेनासे झाले. मी काहीही म्हटलं की "हो, बरोबर आहे." आमटी अळणी आहे असं मीच म्हटलं तरी "नाही, छान झालीय." आवाज खाली, पाऊल हळू, दार लावताना आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरून. ईशूही तशीच. माझ्याशी सगळे अशा स्वरात बोलायला लागले जशी मी काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू आहे. शर्मा भाभी यायच्या आणि पाच मिनिटांत "आप आराम करो" म्हणून उठायच्या. आजाराने मला जेवढं थकवलं नाही तेवढं या हळू बोलण्याने थकवलं. शिकवणीची मुलं तेवढी बदलली नाहीत. जुलैत मी खुर्चीत बसून शिकवायला लागले, तर ती पूर्वीइतकाच दंगा करायची. त्यांचे मी मनापासून आभार मानते.

सप्टेंबरमध्ये पुन्हा एको होता. या तपासणीवर एक गोष्ट ठरायची होती. आकडा पस्तीसच्या वर गेला नाही, तर छातीत कातडीखाली एक यंत्र बसवावं लागणार होतं. दुबळ्या हृदयाचे ठोके कधीकधी एकदम बेताल होतात आणि माणूस जागच्या जागी जातो, तेव्हा ते यंत्र आतून विजेचा धक्का देऊन ठोका ताळ्यावर आणतं. मी रात्रंदिवस याच विचारात होते असं नाही. पण आंघोळीच्या वेळी गळ्याखालच्या हाडाजवळ हात जायचा, ते बसवतात त्या जागेवर.

मी मनात पंचावन्न धरून बसले होते. मीठ सोडलं, पाणी सोडलं, एक गोळी चुकवली नाही. नीट अभ्यास केला की मार्क पडणारच, हे मी मुलांना जन्मभर सांगत आलेय.

डॉक्टरांनी जेल पुसायला कागद दिला आणि हसून म्हणाले, "अड़तीस."

"बस?"

"मैडम, उनतीस से अड़तीस. बहुत अच्छा है. मशीन की ज़रूरत नहीं."

"हमारे महाराष्ट्र में पैंतीस पर पास होते हैं," मी म्हणाले. "मतलब मैं किनारे पर पास हुई."

"हमारे यहाँ तैंतीस पर," ते म्हणाले. "राजस्थान के हिसाब से तो आराम से पास."

हे मोठ्यांदा हसले. मी हसले नाही. मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. अडतीस म्हणजे आता हेच. थोडं वर जाईल, कदाचित जाणार नाही. जो तुकडा गेला तो परत येणार नाही. भाजीची पिशवी कुणीतरी दुसऱ्याने वर न्यायची, आणि मी जिन्यात दोनदा थांबायचं, उघडपणे, फोन न काढता. डॉक्टर मला म्हणाले, "आप सवाल बहुत पूछती हैं. अच्छा है, पूछती रहिए." पहिल्या दिवशी यांच्याकडे वळून बोलणारे हेच ते. त्यांचेही मी आभार मानते, जरा उशिराने.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. साखर असेल आणि विनाकारण दम लागत असेल, तर छातीत दुखण्याची वाट बघू नका. ईसीजी मागून घ्या. कुणी धूळ म्हणालं, वय म्हणालं, टेंशन म्हणालं, तरी मागा. आणि डॉक्टर तुमच्या नवऱ्याशी बोलायला लागले, तर मध्ये बोला. वाईट दिसत नाही. दिसलं तरी चालतं.

दिवाळीच्या आधी थंडी पडायला लागली तसं आम्ही जुन्या शहरात रजई घ्यायला गेलो. ई-रिक्षाने थेट दुकानापर्यंत. जयपूरची रजई वजनाला हलकी आणि उबेला भारी असते, आणि दुकानदार तुम्हाला पांढऱ्या गादीवर बसवून पन्नास उलगडून दाखवतो, त्यामुळे उभं राहायचा प्रश्न नाही. मी टेकून बसले. चहा आला, मी अर्धा घेतला.

मी एक बाजूला काढली. डाळिंबी रंगाची, कडेला हत्तींची ओळ, डबल. यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता "छान आहे" येणार.

"ही?" हे म्हणाले.

"का? काय झालं?"

"डबल नको. दोन सिंगल घेऊ."

"दोन कशाला? कपाटात जागा आहे का?"

"तीस वर्षं तू माझं पांघरूण ओढतेस, सुनंदा. पहाटे मी गारठून उठतो. तुला सांगून कधी पटलंय?"

"तुम्ही पाय बाहेर काढून झोपता. मी कशाला ओढू?"

"पाय बाहेर राहतात, कारण पांघरूण तुझ्याकडे असतं," यांचा आवाज चढला. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, दोनों दिखा देता हूँ," आणि यांनी त्याला हाताने थांबवलं. "नाही भैया, रुको. आज ये फैसला होने दो." मग माझ्याकडे वळून, "आणि हत्ती कशाला? त्या दिवशी पडद्यांना पण तू तेच केलंस, मला विचारलंस का?"

बोलता बोलता यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. हे एकदम थांबले. आवाज खाली आला. "तुला दम लागला का? पाणी देऊ?"

"नाही लागला," मी म्हणाले. "पडद्यांचं काय म्हणत होता? बोला पुढे."